एकच हुंडी दोनदा वटली तर? सुरतेच्या नाणावटीपासून बिटकॉइनपर्यंत

तीन वर्षांपूर्वी विसर्जनानंतर आम्ही वर्गणीचा हिशेब मिटवायला बसलो होतो. कोसाडच्या आमच्या मंडळात तेव्हा हिशेब तपासण्याचे काम माझ्याकडे होते. पावती क्रमांक २१४ च्या स्थळप्रतीवर २५१ रुपयांची नोंद होती. तेवढ्यात शेजारच्या इमारतीतल्या एका वहिनींनी त्यांची पावती आणून दाखवली. तिच्यावरही क्रमांक २१४, पण रक्कम ५०१ आणि नाव वेगळे. एका क्रमांकाच्या दोन पावत्या म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागले नाही. ते पावतीपुस्तक बारावीतल्या एका मुलाकडे होते. "ताई, ही पावती मी फाडलेलीच नाही," एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

तो खरे बोलत होता. पण ते दाखवायचे कसे? त्याने पैसे घेतले असते तर एक कागद पुराव्याला पुरला असता. घेतले नाहीत हे सिद्ध करायला मात्र सगळी पावतीपुस्तके, सगळ्या स्थळप्रती आणि घरोघरच्या पावत्या गोळा कराव्या लागल्या. पाचव्या दिवशी उलगडा झाला. छापखान्यात २०१ ते २५० हे क्रमांक चुकून दोन पुस्तकांवर पडले होते. दुसरे पुस्तक ज्यांच्याकडे होते ते गृहस्थ नंदुरबारला गावी गेले होते, आणि ते पुस्तक पैशांच्या पाकिटासकट त्यांच्या कपाटात जसेच्या तसे होते. मागाहून असेही कळले की दोन घरांना सारखे क्रमांक गणपतीतच दिसले होते, पण "कशाला उगीच" म्हणून कुणी बोलले नाही.

हे सगळे घरी सांगितले तेव्हा संगणकात काम करणारा माझा भाचा म्हणाला, "मावशी, हा तर बिटकॉइनचा मूळ प्रश्न आहे. एकच नाणे दोघांना दिले तर ते पकडायचे कसे?" त्याच्याकडे याला 'डबल स्पेंडिंग' म्हणतात, आपण दुहेरी खर्च म्हणू. त्याच्या बोलण्यावरून वाचायला सुरुवात केली आणि लक्षात आले की या प्रश्नाचा इतिहास आपल्या सुरतेतूनच जातो. तोच आज स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवते.

नाणावट आणि हुंडी

तापी ओलांडून जुन्या शहरात गेले की नाणावट नावाचा भाग लागतो. नाणावटी म्हणजे नाणी पारखणारा आणि बदलून देणारा सराफ. सतराव्या शतकात सुरत हे मोगलांचे मोठे बंदर होते. जहाजांतून चांदी उतरे, टांकसाळीत तिचे रुपये पडत आणि त्या रुपयांवर आग्रा, बुऱ्हाणपूर, अहमदाबादपर्यंतचा व्यापार चाले. पण रुपयांच्या थैल्या बैलगाडीवर घालून बुऱ्हाणपूरच्या वाटेने नेणे म्हणजे चोरांना आमंत्रण. म्हणून व्यापारी रोकड नेत नसत, हुंडी नेत. इथल्या पेढीवर पैसे भरायचे, पेढीवाल्याने तिकडच्या आपल्या आडत्याच्या नावे चिठ्ठी लिहायची आणि तिकडे ती दाखवून पैसे घ्यायचे. या कामाचा मोबदला म्हणजे हुंडणावळ.

फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने या दरांची नोंद करून ठेवली आहे. सुरतेवरच्या हुंडीला बुऱ्हाणपुरात शेकडा अडीच ते तीन, आग्र्यात सव्वाचार ते पाच आणि दूरच्या ढाक्यात दहापर्यंत पडत असे. दर नुसता अंतराचा नव्हता. वाटेत माल लुटला गेला तर नुकसान कुणी सोसायचे, तो धोकाही त्यात धरलेला असे.

आपल्याला सुरत म्हटली की १६६४ आणि १६७० आठवते. शिवाजी महाराजांच्या पहिल्या स्वारीत वीरजी व्होरा या त्या काळच्या सर्वांत बड्या सावकाराची हवेली लुटली गेली. सोने, चांदी, मोती गेले. तरी त्यानंतरही वीरजींचा व्यवहार चालू राहिला आणि परदेशी प्रवासी त्यांच्या श्रीमंतीच्या गोष्टी लिहीत राहिले. याचे एक कारण उघड आहे. सावकाराची सगळी दौलत तिजोरीत नसते. तिचा मोठा भाग गावोगावच्या वह्यांत, त्याच्या नावे लिहिलेला असतो, आणि तो घोड्यावर घालून नेता येत नाही.

मराठी राज्याचाही या जाळ्याशी रोजचा संबंध होता. उत्तरेकडचा वसूल पुण्याला यायचा तो बहुधा हुंड्यांनीच. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. त्याची पहिली खबर वाटेत असलेल्या नानासाहेब पेशव्यांना मिळाली ती कुणा सरदाराच्या पत्रातून मिळाली नव्हती. ती एका सावकारी पत्रातून मिळाली, आणि त्यात मोती, मोहरा आणि खुर्दा अशा सांकेतिक शब्दांत माणसांची हानी सांगितली होती. सावकारांचे कासीद सरकारी डाकेच्या आधी पोहोचत. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या इंग्रजांनाही बंगालमधून पैसा आणायचा तर सुरत आणि बनारसच्या पेढ्यांचाच आधार घ्यावा लागला. सुरतेच्या अर्जुनजी नाथजी त्रवाडी यांच्या पेढीचे नाव त्यात पुढे होते.

पेठ, परपेठ आणि खोका

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हुंडी हा शेवटी एक कागद. तो हरवतो, भिजतो, चोरीला जातो. हजार रुपये भरलेला व्यापारी पेढीवर येऊन म्हणाला, "शेठ, हुंडी वाटेत गहाळ झाली, दुसरी लिहून द्या," तर त्याला नाही म्हणता येत नाही. पण दुसरी लिहून दिली आणि पहिली त्याच्याच खिशात असली तर? एकाच हजाराचे दोन हजार होतात.

आपल्या सावकारांनी याला शोधलेली तोड त्यांच्या शब्दांतच दिसते. हरवलेल्या हुंडीबद्दल जी दुसरी प्रत देत तिला पेठ म्हणत. पेठही हरवली तर तिसरी, ती परपेठ. तीही गेली तर पुढे मेजर. प्रत्येक प्रतीत आधीच्या प्रतीचा उल्लेख असे आणि आधीचीचे पैसे दिले गेले नसतील तरच ही मानावी असा तिचा अर्थ असे. पैसे चुकते झालेल्या हुंडीला खोका म्हणत. ती रद्द करून पेढीवर जपून ठेवत, कारण पुढे कुणी पेठ घेऊन आला तर दाखवायला तोच पुरावा. आजच्या बोलीत खोका म्हणजे कोटी रुपये. पेढीवरचा खोका म्हणजे एका रुपयाचेही मोल न उरलेला कागद. तरीही तो कुणी फेकून देत नसे.

हुंडीच्या मजकुरातही पहारेकरी होते. रक्कम आकड्यात, मग अक्षरात आणि वर त्याचे निमेही लिहीत: रुपये १०००, त्याचे निमे ५००, त्याची दुप्पट पुरे. कुणी हजाराच्या पुढे एक शून्य वाढवले तर निमे जुळणार नाहीत. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शहालाच मिळत, अनोळखी माणसाला नाही. पुढे ती हुंडी चोरीची किंवा खोटी निघाली तर शहाने पैसे व्याजासह परत करायचे आणि आपल्याला ती कुणी दिली त्याला गाठायचे. तो त्याच्या आधीच्याला गाठणार. हुंडीच्या पाठीवर प्रत्येक हस्तांतराचा शेरा असे, त्यामुळे माग काढत मुळापर्यंत जाता येई.

या व्यवस्थेचा जीव कशात होता ते नीट पाहावे. हुंडी कितीही हातांतून फिरली तरी तिचे पैसे देणारा एकच, ज्याच्यावर ती लिहिली तो. हुंडी येवो, पेठ येवो की परपेठ, शेवटी सगळ्यांना त्याच एका गादीपुढे उभे राहावे लागे आणि त्याची एक वही सगळ्याचा निकाल लावी. दुहेरी खर्च पकडणे सोपे होते, कारण पाहायची जागा एकच होती.

ही पद्धत इतकी रुजलेली होती की इंग्रजांनी १८८१ साली पराक्राम्य संलेखांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतल्या अशा कागदांबाबतच्या स्थानिक रूढींना या कायद्याने बाध येणार नाही असे पहिल्याच कलमात लिहिले. हरवलेल्या कागदाची दुसरी प्रत मागण्याचा हक्क, हमी देण्याच्या अटीवर, त्या कायद्यात १८८५ साली घातला गेला. नाणावटीतल्या पेढ्यांना पेठ काही नवी नव्हती.

कागद गेला, प्रत उरली

विसाव्या शतकाच्या शेवटी पैसा संगणकात आला आणि जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. हुंडीची नक्कल करायला अक्षर, शाई, सही जमवावी लागे. संगणकातले नाणे म्हणजे आकड्यांची एक ओळ. तिची नक्कल करणे व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो पुढे पाठवण्याइतके सोपे. फोटो पुढे पाठवला तरी आपल्याकडचा जात नाही. पैशाच्या बाबतीत नेमकी हीच अडचण.

अमेरिकेतले डेव्हिड चॉम यांनी १९८२ साली संगणकी रोकडीची एक योजना मांडली. बँक नाण्यावर सही करील, पण ते नाणे पुढे कुणी कुठे खर्चले हे बँकेलाही कळणार नाही. दुहेरी खर्च टाळायला मात्र दुकानदाराने प्रत्येक वेळी बँकेला विचारायचे, हे नाणे आधी वटले आहे का? म्हणजे पुन्हा एक गादी, एक वही.

दुकानदाराचा बँकेशी त्या क्षणी संपर्क नसेल तर काय, याचे उत्तर चॉम यांनी आमोस फियाट आणि मोनी नाओर यांच्याबरोबर १९८८ साली दिले. ते मोठे चतुर आहे. नाण्यात मालकाची ओळख दोन तुकड्यांत लपवलेली असते, जणू एखादा फोटो मधून फाडावा तशी, आणि अशा अनेक जोड्या असतात. नाणे खर्चताना दुकानदार प्रत्येक जोडीतला कुठला तरी एक तुकडा मागतो. एका तुकड्यावरून चेहरा ओळखू येत नाही, त्यामुळे प्रामाणिक माणसाचे नाव गुप्त राहते. तेच नाणे दुसऱ्या दुकानात दिले तर दुसरा दुकानदार आपल्या मर्जीने तुकडे मागतो, आणि कुठल्या ना कुठल्या जोडीचे दोन्ही अर्धे बँकेकडे जमतात. फोटो पुरा होतो, लबाडाचा चेहरा दिसतो. ही युक्ती चोरी थांबवत नाही, पण चोर कोण ते नंतर नक्की सांगते. शहाजोग हुंडीचा मागही असाच नंतर काढला जाई.

चॉम यांची डिजिकॅश ही कंपनी १९९८ साली दिवाळखोरीत गेली आणि तिच्याबरोबर तिचा पैसाही थांबला. एका गादीवर सगळे उभे असले की गादी बुडताच सगळे बुडते, हे सावकारी पेढ्यांच्या काळापासून ठाऊक असलेले सत्य पुन्हा दिसले.

गादीशिवाय वही

३१ ऑक्टोबर २००८ ला सातोशी नाकामोतो या नावाने नऊ पानांचा एक लेख प्रसिद्ध झाला. ही व्यक्ती कोण, एक की अनेक, हे आजवर उघड झालेले नाही. लेखाचा विषय एकच: मधली बँक काढून टाकली तर दुहेरी खर्च कसा पकडायचा? ३ जानेवारी २००९ ला त्यानुसार बिटकॉइनचे जाळे सुरू झाले.

नाकामोतोच्या लेखात नाणे म्हणजे काय, तर सह्यांची साखळी. प्रत्येक मालक पुढच्याच्या नावे करून सही करतो, म्हणजे हुंडीच्या पाठीवरचे शेरेच. पण शेरे बरोबर असले तरी एका मालकाने त्याच नाण्यावर आधीच दुसऱ्या कुणाच्या नावे सही केली नाही ना, हे नुसत्या साखळीवरून कळत नाही. त्याचे उत्तर असे: एखादा व्यवहार आधी झालेला नाही याची खात्री हवी तर झालेले सगळे व्यवहार माहीत असले पाहिजेत. हे वाचले तेव्हा मला आमचे ते पाच दिवस आणि टेबलावर पसरलेली पावतीपुस्तके आठवली.

म्हणून या जाळ्यात वही कुणा एकाकडे नाही. ती हजारो संगणकांवर आहे आणि प्रत्येकाकडे ती पुरी आहे. व्यवहार झाला की तो सगळ्यांना कळवला जातो. प्रत्येक संगणक न खर्चलेल्या नाण्यांची यादी ठेवतो. नाणे खर्चले की ते यादीतून कमी होते, म्हणजे त्याचा खोका होतो. तेच नाणे पुन्हा आले तर यादीत सापडत नाही आणि व्यवहार नाकारला जातो.

इथपर्यंत सोपे आहे. खरी अडचण वेळेची. एखाद्याने एकाच क्षणी एक व्यवहार सुरतेकडे आणि त्याच नाण्याचा दुसरा टोकियोकडे पाठवला तर? इथले संगणक म्हणतील सुरतेचा पहिला, तिकडचे म्हणतील टोकियोचा पहिला, आणि आपापल्या परीने दोघेही खरे. मग क्रम ठरवायचा कुणी? हात वर करून मतदान घेतले तर एक लबाड हजार खोटे हात वर करील. संगणकाच्या जाळ्यात खोटी नावे घेणे फुकट असते.

नाकामोतोने मताला किंमत लावली. साधारण दर दहा मिनिटांनी व्यवहारांचे एक पान तयार होते, त्याला ब्लॉक म्हणतात. ते पान वहीला जोडण्यासाठी एक अवघड आकडेमोड करावी लागते. तिला वीज आणि यंत्रे लागतात, उत्तर तपासणे मात्र क्षणाचे काम. प्रत्येक पानात मागच्या पानाचा ठसा असतो, त्यामुळे मधले पान बदलायचे तर त्यापुढची सगळी पाने नव्याने करावी लागतात. दोन वेगळ्या वह्या पुढे आल्या तर जिच्यात जास्त मेहनत ओतली गेली ती खरी मानायची. सुरत की टोकियो हा वाद असा मिटतो. ज्याचे पान पुढे वाढत गेले तो व्यवहार टिकला, दुसरा बाद झाला.

ही कल्पना आकाशातून पडली नव्हती. नोंदींवर वेळेचा ठसा मारून त्या एकमेकींत गुंफायच्या, हे स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ साली मांडले होते आणि नाकामोतोने त्यांचा आधार दिला आहे. त्यांनी १९९५ पासून आपल्या नोंदींचा ठसा दर आठवड्याला न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. लाखो घरांत गेलेला अंक कोण बदलणार?

खात्री किती, हेही नाकामोतोने आकड्यांत दिले. लबाडाच्या हाती जाळ्याच्या दहा टक्के ताकद असेल तर पाच पानांनंतर त्याच्या यशाची शक्यता हजारात एकाहूनही कमी होते. तीस टक्के ताकद असेल तर त्यासाठी चोवीस पाने थांबावे लागते आणि पंचेचाळीस टक्के असेल तर तीनशे चाळीस. व्यवहारात बिटकॉइनसाठी सहा पाने, म्हणजे साधारण तासभर, थांबण्याचा रिवाज पडला. खात्री शंभर टक्के कधीच होत नाही, ती वाढत जाते. नवी हुंडी घेताना सावकार लिहिणाऱ्याची पत पाहून थांबत असे, तसेच हे.

जिथे पहारा चुकला

पण चहाच्या टपरीवर तासभर कोण थांबणार? घासान करामे आणि झुरिचच्या तंत्रविद्यापीठातील एली अँड्रुलाकी व स्रजान चापकुन यांनी २०१२ साली नेमका हा प्रश्न तपासला. दुकानदार पान तयार होण्याआधीच माल देत असेल तर लबाड त्याच्याकडे एक व्यवहार पाठवतो आणि त्याच वेळी बाकीच्या जाळ्याकडे त्याच नाण्याचा दुसरा. दुकानदाराचे शेजारी संगणक पहिला आधी पाहतात. दुसरा आला की ते तो खोटा समजून गुपचूप टाकून देतात, आणि पुढे कुणाला सांगत नाहीत. नियमाप्रमाणे ते बरोबरच वागतात, पण त्यामुळे दुकानदाराला दुसऱ्या व्यवहाराचा पत्ताच लागत नाही. माल गेल्यावर वहीत चढतो तो दुसरा. काही सेकंद कान देऊन थांबणेही पुरत नाही, असे त्यांनी प्रयोगाने दाखवले. त्यांचा उपाय साधा होता: एकाच नाण्याचे दोन व्यवहार दिसले की दुसरा टाकून देऊ नका, त्याची वर्दी शेजाऱ्यांना द्या. आमच्याकडे दोन घरांनी हेच करायला हवे होते.

पुढच्याच वर्षी वही स्वतःच दुभंगली. मार्च २०१३ मध्ये बिटकॉइनच्या नव्या आणि जुन्या संगणकप्रणाली एका पानावरून अडखळल्या. नव्यांनी ते पान मानले, जुन्यांना ते मानता आले नाही. काही तास दोन वह्या शेजारी शेजारी चालल्या. शेवटी मोठ्या आकडेमोड करणाऱ्यांनी आपसात बोलून जुन्या प्रणालीवर परत जायचे ठरवले. त्या अवधीत एकाने सुमारे दहा हजार डॉलरचा दुहेरी खर्च करून दाखवला. जमते का हे पाहण्यासाठी केलेला तो प्रयोग होता, पण जमले हे खरे. आणि तो पेच यंत्रांनी सोडवला नाही. रात्र जागून एकमेकांशी बोलणाऱ्या माणसांनी सोडवला.

खरी चोरी लहान जाळ्यांत झाली. मे २०१८ मध्ये बिटकॉइन गोल्ड या नाण्याच्या जाळ्यावर कुणीतरी निम्म्याहून अधिक ताकद भाड्याने मिळवली. नाणी बाजारात जमा केली, पाने पुरी होईपर्यंत थांबून ती दुसऱ्या चलनात बदलून काढून घेतली, आणि त्याच वेळी आपल्याकडे गुपचूप दुसरी वही लिहीत राहिला, जिच्यात ती नाणी त्याच्याकडेच होती. मग जास्त लांबीची ती वही जाळ्यापुढे टाकली. नियमाने तीच खरी ठरली. सुमारे ३ लाख ८८ हजार नाणी, म्हणजे तेव्हाचे अंदाजे १ कोटी ८० लाख डॉलर, अशी गेली. जानेवारी २०१९ मध्ये इथेरियम क्लासिकवर हाच प्रकार झाला. तिथे कॉइनबेस या बाजाराच्या पहारेकऱ्यांना जुनी पाने एकदम बदललेली दिसली. त्यांनी व्यवहार थांबवले आणि जगाला सांगितले. सुमारे ११ लाख डॉलरचा दुहेरी खर्च त्यांनी मोजला. एरवी जाळे मोठे आणि पहारा जागा असेल तर ही चोरी परवडत नाही. जाळे लहान असेल तर वही उघडी असूनही तिचा उपयोग होत नाही.

वही काय पकडत नाही

एक गोष्ट सुरतकरांनी विसरू नये. बिटकनेक्ट नावाच्या योजनेत जगभरच्या लोकांनी बिटकॉइन गुंतवले आणि जानेवारी २०१८ मध्ये ती कोसळली. अमेरिकी सरकारच्या म्हणण्यानुसार हा २४० कोटी डॉलरचा फसवणुकीचा प्रकार होता. त्याचे गुन्हे सुरतेतही नोंदले गेले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने याच प्रकरणात १,६४६ कोटी रुपयांचे आभासी चलन जप्त केले. या सगळ्यात बिटकॉइनची वही कुठेही चुकलेली नव्हती. प्रत्येक नाणे एकदाच खर्चले गेले होते आणि ते अचूक नोंदले गेले होते. पण ठरावीक नफ्याचे आश्वासन खोटे होते, आणि खोटे आश्वासन पकडण्याची सोय कुठल्याही वहीत नसते. "ब्लॉकचेनवर आहे, म्हणजे सुरक्षित आहे," असे कुणी सांगायला आले तर एवढे जरूर आठवावे.

महिधरपुऱ्यात हिऱ्यांची पुडी अजूनही जांगडावर दिली जाते. पसंत पडली तर पैसे, नाही तर पुडी परत. खडा एकाच हातात राहू शकतो, त्यामुळे दुहेरी खर्चाचा प्रश्न तिथे खड्यापुरता येत नाही. बाकी सगळे शब्दावर चालते. तिथे पत गेलेल्या माणसाला कुणी पुडी देत नाही, आणि ती बातमी बाजारभर व्हायला एक सकाळ पुरते.

सरकारी पातळीवरही हा इतिहास पुढे सरकतो आहे. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून सामान्यांसाठी डिजिटल रुपयाचा प्रयोग सुरू केला. तिथे पुन्हा एक गादी आहे, ती रिझर्व्ह बँकेची, त्यामुळे दुहेरी खर्च पकडणे सोपे. पण जिथे नेटवर्क पोहोचत नाही अशा ठिकाणी तो रुपया वापरायचा म्हटले की चॉम यांचा १९८८ चा प्रश्न तसाच समोर येतो.

पावती क्रमांक २१४ मुळे ज्या मुलावर संशय आला तो आता अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि मंडळाचा हिशेब तोच लिहितो. त्या वर्षी आम्ही त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्याच्या आईने चहा केला, पण त्या पाच दिवसांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी वर्गणीची यादी मांडवाच्या दाराशी लावायची हे त्यानेच सुचवले. रोज संध्याकाळी आरतीच्या आधी त्या दिवसाच्या पावत्यांचे क्रमांक, नावे आणि रकमा तिथे लागतात.

यंदाही यादी तिथेच असेल. दर्शनाला आलात की आपला क्रमांक एकदा पाहून घ्या. आणि एखादा क्रमांक दोनदा दिसला तर "कशाला उगीच" न म्हणता त्याच संध्याकाळी सांगा.